अण्णांचे लेखाआक्षेप

लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त होऊन अण्णांना १२ वर्षं झाली, पण सदऱ्याच्या खिशातलं लाल पेन अजून निवृत्त झालेलं नाही. पूर्वी ते प्रवासभत्त्याची बिलं अडवायचं, आता रक्ताचे रिपोर्ट अडवतं.

गेल्या महिन्यात यकृताच्या तपासणीत अण्णांचं एसजीपीटी ४८ आलं. मर्यादा ४०. आकड्याखाली दुहेरी रेघ मारून सकाळी सातलाच त्यांनी माझं दार वाजवलं. “वरच्या आठ युनिटांचा खुलासा कोण देणार?” जणू यकृतानं ती परस्पर खर्च केली होती. मग समोरच्या लॅबमध्ये गेले. तिथं आकडा जवळपास तोच, पण मर्यादा ५५! म्हणजे रस्त्याच्या अलीकडे आजारी, पलीकडे ठणठणीत. तेव्हापासून अण्णा पलीकडच्याच फुटपाथनं चालतात.

सोसायटीतले रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी त्यांच्याकडे जातात. दुसऱ्या मजल्यावरच्या पोराचं एसजीओटी वाढलं, तर अण्णांनी ‘मद्यपान?’ असा शेरा मारला आणि त्या घरात आठवडाभर अबोला. पोरगं नव्यानं जिमला जात होतं. हे एन्झाइम स्नायूंतही असतं, अंगमेहनतीनं वाढतं, हे मागाहून कळलं. खुद्द नातवाचं अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांच्या मर्यादेपलीकडे गेलं. तो बिचारा फक्त उंच होत होता, वाढत्या हाडांतूनही ते येतं. अण्णांनी माफी मागितली नाही. ‘खुलासा मान्य’ लिहून सही केली.

अखेर डॉक्टरांनी त्यांना बसवून घेतलं. “अण्णा, निरोगी माणसांचे आकडे गोळा करायचे, मधले ९५ टक्के ठेवायचे, दोन्ही टोकं छाटायची, की झाली नॉर्मल रेंज. म्हणजे २० धडधाकट माणसांत एखादा बाहेर राहणारच. उलट यकृत पार निबर झालेल्याचे आकडे कधीकधी चोख येतात. एकटा आकडा काय सांगणार? वजन, औषधं, मागचे रिपोर्ट सगळं जोडून बघावं लागतं. तुम्ही पोट कमी करा, घेताय तो काढा बंद करा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.”

अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मीच माझा रिपोर्ट दाखवायला गेलो. चाळीसच्या चाळीस आकडे रेंजमध्ये! अण्णांनी तो दोनदा वाचला आणि पेनाचं टोपण काढलं.

“३३ वर्षं नोकरी केली. सगळे आकडे जुळलेली वही दिसली, की आम्ही आधी कारकुनाला बोलवायचो. उद्या उपाशीपोटी पुन्हा जाऊन ये.”