फोन उचलावाच लागतो

शहरातला माणूस अनोळखी नंबर दिसला की फोन पालथा ठेवून देतो. बीड जिल्ह्यातल्या उमापुरात तसं करून भागत नाही. पंचनाम्याला कधी येणार हे सांगणारा कर्मचारी, बँकेतला साहेब, दवाखान्यातली सिस्टर, सगळे आपापल्या मोबाइलवरून फोन करतात, आणि ते नंबर कुणी साठवून ठेवलेले नसतात. ऊसतोडीचा हंगाम लागला की जिल्ह्यातली घरंच्या घरं कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. फडावर फोनची बॅटरी उतरली, रिचार्ज संपला, तर पोरीचा बाप मुकादमाच्या किंवा ट्रॅक्टरवाल्याच्या फोनवरून घरी बोलतो. आजीनं तो फोन उचलायचा नाही का?

आजी उचलते. गोठ्यातून धावत येऊन उचलते. पलीकडून कुणी हिंदीत सांगतं की तुमचं दोन लाखांचं कर्ज मंजूर झालंय, फक्त आधारचा नंबर सांगा. पोरगा तिकडं उसाच्या मोळ्या वाहतोय आणि इकडं त्याच्या आईच्या काळजात धस्स होतंय. याला ‘किरकोळ त्रास’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याच्या घरचं सगळं बोलणं एकाच स्वस्त फोनवर चालतं, त्याचा तो फोन अडवणं किरकोळ नाही.

कायदा नाही असं नाही. नको असलेले फोन थांबवण्याची नोंदणी देशात २००७ पासून आहे. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनं २०१८ मध्ये नियम नव्यानं लिहिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी कडक केले. जाहिरातीचे फोन १४० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून, बँक-विम्याचे कामाचे फोन १६०० वरून, अशी विभागणी ठरली. इंग्रजीत ‘स्टार्ट’ आणि पुढं शून्य लिहून १९०९ वर एसएमएस केला की जाहिराती बंद व्हायला हव्यात. पण छळणारा फोन १४० वरून येतच नाही. तो येतो तुमच्याआमच्यासारख्या साध्या दहा आकडी नंबरवरून.

मग हे साधे नंबर येतात कुठून? प्रत्येक सिम कुठल्या तरी दुकानाच्या काउंटरवर, कुणाच्या तरी आधारवर विकलेलं असतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनंच सांगितलं होतं की सुमारे ५२ लाख जोडण्या तोडल्या आणि सिम विकणारे ६७ हजार विक्रेते काळ्या यादीत टाकले. त्याच वर्षी १ डिसेंबरपासून सिम विकणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी सक्तीची झाली. गैरव्यवहार सापडला तर तीन वर्षं धंदा बंद. ‘अंगठा नीट उमटला नाही, परत लावा’ म्हणत गिऱ्हाइकाच्या नावावर दुसरं सिम चालू करण्याची लबाडी पोलिसांनी ठिकठिकाणी उघड केली आहे. उसाच्या फडात राबून ज्यांच्या बोटांचे ठसेच झिजलेत, त्यांना खरोखरच दोन-तीनदा अंगठा लावावा लागतो. फसवणाऱ्याला तेच सोयीचं पडतं. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसतं. सिम घेताना हे सांगणारा दुकानदार किती जणांना भेटला?

विकताना दुकानदार कुठं कमी पडत नाही. सिम देतो, कव्हर घालतो, काच चिकटवतो, फायनान्सवाल्याशी बोलून हप्ता बांधून देतो. पक्कं बिल मागितलं की चेहरा बदलतो. आठ दिवसांत स्क्रीन गेली की ‘बीडच्या सर्व्हिस सेंटरला न्या’. नंबर पोर्ट करायला मात्र तो एका पायावर तयार. कारण उघड आहे. कंपनी कमिशन देते ते नव्या जोडणीवर, पोर्टवर, रिचार्जवर. तक्रार ऐकून घेण्याचे त्याला काहीच पैसे मिळत नाहीत. त्यामुळे मी गावातल्या दुकानदाराआधी कंपनीला धरीन. माणसाला विकायलाच पैसे दिले तर तो विकतच राहणार. पण बिल न देणं हा त्याचा स्वतःचा गुन्हा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याच कायद्यानं दूरसंचार सेवाही ग्राहक आयोगाच्या कक्षेत नाव घेऊन आणली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला बीडच्या जिल्हा आयोगात फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, पुष्कळदा तेवढ्यावर दुकानदार नरम येतो.

माझी मागणी साधी आहे. ज्या काउंटरवर सिम मिळतं, त्याच काउंटरवर नको असलेल्या फोनची तक्रार लिहून घेतली पाहिजे, आणि त्या कामाचे पैसे कंपनीनं दुकानदाराला दिले पाहिजेत. सिम चालू करतानाच ‘जाहिराती हव्यात का?’ हा प्रश्न मराठीत विचारला पाहिजे. आज तक्रारीसाठी आजीनं नंबर, तारीख आणि मजकूर १९०९ वर कळवायचा, तोही सात दिवसांच्या आत. छळ करणाऱ्याला एक बटण पुरतं, छळ सोसणाऱ्याला शिकलेला नातू लागतो.

तोवर नातवांनाच हे काम करावं लागेल. २०२५ च्या बदलानं एक चांगली गोष्ट केली आहे: अशा बिननोंदणीच्या नंबरविरुद्ध तक्रार करायला आधी स्वतःची नोंदणी केलेली असण्याची गरज उरली नाही. आणि एका नंबरविरुद्ध कारवाईला पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्यांदा सापडला तर पंधरा दिवस त्याचे जाणारे फोन बंद, पुन्हा सापडला तर वर्षभर सगळ्या जोडण्या बंद. कर्जवाला गावात एकालाच फोन करून थांबत नाही. तो नंबर पारावर मोठ्यानं वाचून दाखवा, ‘मलाही आला होता’ म्हणणारे निघतील. त्यातले पाच जण धरा आणि ज्यांना जमत नाही त्यांची तक्रार त्यांच्याच फोनवरून तिथंच बसून करून द्या.