रान बघा, मग पाकीट

जून तोंडावर आला की जालन्यात दोन प्रकारची माणसं हवालदिल होतात. कपाशीचं कोणतं वाण लावावं हे न सुचणारे शेतकरी आणि आता पुढं काय शिकावं हे न सुचणारे सॉफ्टवेअरवाले. शेतकरी निदान वर्षातून एकदाच हवालदिल होतो.

माझा भाचा दुसऱ्या प्रकारातला. नोकरी पुण्याची, काम घरून, मुक्काम जालन्यात. लॅपटॉपमध्ये अर्धवट सोडलेले १८ कोर्स. १८ वेळा ‘हॅलो वर्ल्ड’ म्हणून झालं, वर्ल्डनं अजून ओ दिलेली नाही.

त्याचाही सगळा दोष नाही. गूगलनं २०१० साली अँग्युलरजेएस हे वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क आणलं, पोरं शिकली. २०१६ साली त्याच घराण्यातलं नवं अँग्युलर आलं, त्याचं जुन्याशी पटेना. २०२१ संपता संपता जुन्याची देखभालही थांबली. फ्लॅशवाल्यांनी तर २०२० चा थर्टी फर्स्ट दुकानाला कुलूप लावूनच साजरा केला.

जालनेकरांना याचं नवल वाटू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथं महिको ही बी-बियाण्यांची कंपनी काढली, तेव्हापासून गावाला संकरित बियाण्याची ओळख. संकरित वाणाची खोड बांधावरच्या पोरालाही माहीत असते. पहिल्या वर्षी जोमदार, पण त्याचंच बी राखून पेरलं की पीक एकसारखं येत नाही. दरवर्षी नवं पाकीट. फ्रेमवर्कचंही तेच. तूर-हरभऱ्याच्या सरळ वाणाचं बी मात्र घरचं राखता येतं. कॉम्प्युटरच्या भाषांचंही तसंच. सी भाषा १९७२ ची, एसक्यूएल १९७४ ची. दोन्ही अजून उगवतात. पण घरच्या बियाला चकचकीत पाकीट नसतं, म्हणून कोर्सवाला ते पुढं करत नाही.

परवा भाच्याला मोंढ्यात नेलं. दुकानात कपाशीची ४७५ ग्रॅमची पाकिटं, प्रत्येकावर नारळाएवढं बोंड. समोरचा गडी म्हणाला, “शेजाऱ्यानं लावलंय तेच द्या.” भाचा हसला. मी म्हटलं, हसू नको, यंदा तुझ्या शेजाऱ्याच्या रानात एआय आहे म्हणूनच तुझा जीव वरखाली होतोय ना?

दुकानदारानं मात्र पाकिटाला हात लावला नाही. “रान काळं का मुरमाड? पाणी हाय का? किती एकर?” भाचा गप्प झाला. महागडे कोर्स विकणाऱ्या कुणीही त्याला हे तीन प्रश्न कधी विचारले नव्हते. म्हणजे त्याच्या भाषेत, कुणाचं काम करायचंय, हाताशी वेळ किती, झेपणार किती.

तेवढ्यात एकजण सोयाबीनबद्दल विचारायला आला. दुकानदार म्हणाला, “घरचंच पेरा की. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर बिनधास्त पेरा.”

भाच्याची नजर काउंटरवरच्या उधारीच्या वहीवर होती. पानं सुटलेली, रबर लावलेलं, एकाच आडनावाची चार खाती आणि ती शोधताना घामाघूम झालेला नोकर. १८ कोर्सांत न सापडलेलं रान समोर पसरलं होतं.

“शेठ,” तो म्हणाला, “या वहीचं सगळं मी कॉम्प्युटरवर घेऊन देऊ का? जुनंच तंत्र लागेल, मला येतं.”

शेठनं चष्म्यावरून बघितलं. “आधी शंभर खाती घ्या. सत्तर बरोबर निघाली तर बोलू.”