कोनशिला मिळणेबाबत

प्रति,
मा. खासदार महोदय,
(मतदारसंघ : कोणताही)

विषय : गावोगावी आपल्या नावाची कोनशिला मिळणेबाबत.
संदर्भ : आपले मागील निवडणुकीतील आश्वासन (मूळ प्रत सापडत नाही).

महोदय,

सा. न. वि. वि. प्रथम आपले अभिनंदन. 23 डिसेंबर 1993 रोजी सुरू झालेल्या खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेने गेली तीसहून अधिक वर्षे देशाला एक वस्तू नेमाने पुरवली आहे, ती म्हणजे दगड. काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरे. सगळ्यात वर 'मा. खासदार यांच्या स्थानिक विकास निधीतून', खाली कामाचे नाव आणि रक्कम, मग 'शुभहस्ते', 'अध्यक्षतेखाली', 'प्रमुख उपस्थिती' अशा उतरत्या टाइपातल्या ओळी आणि अगदी तळाशी, जिथे पावसात चिखल उडतो तिथे, सरपंच व समस्त ग्रामस्थ. ही आपली हौस आहे असे काही कुत्सित लोक म्हणतात. त्यांनी मार्गदर्शक सूचना वाचलेल्या नाहीत. कामाच्या जागी खासदाराचे नाव असलेला दगडी किंवा धातूचा फलक कायमस्वरूपी लावावा, असे त्यांतच लिहिले आहे. काम टिकाऊ असावे असेही त्यांत लिहिले आहे. दोन्हींपैकी फलकाचे कलम जास्त काटेकोरपणे पाळले जाते, हे कुठल्याही गल्लीतल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून आणि शेजारच्या धडधाकट ग्रॅनाइटवरून दिसतेच.

योगायोग पाहा. त्याच 1993 सालच्या 24 एप्रिलला 73वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामपंचायतीला घटनेत जागा मिळाली, अकराव्या अनुसूचीत 29 विषय आले : पिण्याचे पाणी, रस्ते, मोऱ्या, प्राथमिक शिक्षण, सार्वजनिक मालमत्तेची निगा. गावाचे काम गावाने ठरवावे, असा त्याचा सरळ अर्थ. त्यानंतर आठ महिने उलटतात न उलटतात तोच संसदेच्या लक्षात आले, की हे विषय फारच चांगले आहेत. ते नुसत्या पंचायतीकडे कसे ठेवायचे? मग प्रत्येक खासदाराला त्या वर्षासाठी 5 लाख, पुढच्या वर्षी 1 कोटी, 1998-99 पासून 2 कोटी आणि 2011-12 पासून 5 कोटी रुपयांची कामे सुचवण्याचा अधिकार मिळाला. आपल्या महाराष्ट्राला तर यात जरा जास्तच गंमत वाटायला हवी. 1960 साली नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने खासदार-आमदारांना जिल्हा परिषदेच्या कारभारात जागा देऊ नये असे सुचवले होते, कारण मोठी माणसे खोलीत आली की लहान माणसे बोलायची थांबतात. समितीने दार लावून घेतले. तीसेक वर्षांनी त्याच खोलीला निधीच्या नावाने खिडकी पडली.

आता हिशेब. लोकसभेचे 543 आणि राज्यसभेचे 245 असे 788 खासदार, प्रत्येकी 5 कोटी, म्हणजे वर्षाला 3,940 कोटी. लोकसभेच्या एका मतदारसंघात साधारण 25 लाख माणसे धरली, तर आपला विकास माणशी वर्षाला 20 रुपये होतो. याउलट पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी देऊ केले. म्हणजे वर्षाला सरासरी 47 हजार कोटी, तिन्ही स्तर मिळून ग्रामीण भागात माणशी पाचशेच्या वर. पैसा दोन्हीकडे केंद्राचाच. पण पाचशेवाल्याच्या मागे लागलेली कागदपत्रे आणि वीसवाल्याच्या पुढे वाजणारा बँड यांचे प्रमाण बरोबर उलटे आहे. या आयोगाने पंचायतीच्या पैशातला 60 टक्के वाटा बंधित ठेवला : निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, तोही पगार आणि आस्थापनेवर खर्च करायचा नाही. त्यासाठी आधी ग्रामसभा, मग ग्रामपंचायत विकास आराखडा, तो पोर्टलवर चढवणे, मागील वर्षांचे हिशेब ऑनलाइन जाहीर करणे आणि लेखापरीक्षण. समजा एखाद्या गावाची नळयोजना ठीक चालली आहे, पण ओढ्यावरची मोरी वाहून गेली आणि शाळेची मुले गुडघाभर पाण्यातून जातात. सरपंचाकडे पैसा आहे, पण तो पाण्याच्या खात्यात आहे. आणि ओढ्यातले पाणी त्या खात्यात बसत नाही. अबंधित वाटा अंगणवाडीच्या छपरात गेलेला. मग तो काय करतो? आपल्या दारात येतो. लेटरहेडवर अर्ज, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, अर्धा दिवस बाकावर. आधी त्याचे हात बांधायचे आणि मग त्याला मोरी बहाल करायची, ही व्यवस्था ज्याने शोधली त्याचा खरे तर पुतळा व्हायला हवा. त्याखालच्या कोनशिलेवर आपले नाव घालता येईल.

शिवाय पंचायतीचा पैसा निवडून आलेल्या संस्थेलाच मिळावा, अशी अट आहे. अट योग्यच. मात्र 2022 पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि काही वर्षे बसूनच राहिले. निवडणूक लोकांनी अडवलेली नव्हती, पण निवडून आलेले सदस्य नसण्याची शिक्षा लोकांना. आपल्या निधीला असले विघ्न नाही. तो खर्च झाला नाही तरी व्यपगत होत नाही, पुढच्या वर्षी तसाच उभा. एकदाच खंड पडला : एप्रिल 2020 मध्ये करोनामुळे योजना दोन वर्षांसाठी स्थगित झाली आणि 7,900 कोटी रुपये सरकारी तिजोरीत वळवण्याचे ठरले. दुसरे वर्ष पुरे व्हायच्या आतच, नोव्हेंबर 2021 मध्ये, ती पुन्हा सुरूही झाली. अकराव्या अनुसूचीतले सगळे विषय पंचायतींकडे सोपवायला तीन दशके पुरली नाहीत, त्या मानाने ही तत्परता कौतुकास्पद आहे.

आपली बाजू मला ठाऊक आहे, आणि ती पोकळ नाही. आपण म्हणाल, खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. आणि 2010 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने योजना वैध ठरवली आहे. मान्य. पण वैध म्हणजे शहाणपणाची असे न्यायालय म्हणाले नाही, ते त्याचे कामही नव्हे. शहाणपणाविषयी दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाला विचारले होते, त्याने योजना बंद करा म्हटले. आपण म्हणाल, पंचायतीत पैसे खाल्ले जातात. कुठे कुठे खाल्ले जातात, नाकारण्यात अर्थ नाही. पण आपली कामे तरी कोण करते? तोच बांधकाम विभाग, तोच उपअभियंता, तेच अंदाजपत्रक आणि बहुधा तोच ठेकेदार, ज्याची गाडी भूमिपूजनाला आपल्या गाडीमागे असते. कॅगनेही या योजनेच्या लेखापरीक्षणात नियमांत न बसणारी कामे, पडून राहिलेला पैसा आणि मालमत्तेच्या नोंदवह्यांचा अभाव यांवर बोट ठेवले आहे. 2023 च्या नव्या सूचनांनंतर सगळे पोर्टलवर आले, हे खरे. पोर्टल पैसा कुठे गेला ते सांगते. ओपन जिम मागितली कोणी होती, ते सांगत नाही. ग्रामसभेत निदान ओरडता येते.

आपला सर्वांत जड मुद्दा वेगळाच आहे आणि तो मी मानतो. विरोधी बाकांवरच्या खासदारालाही तेच 5 कोटी मिळतात. निधीवाटप सत्ताधाऱ्यांच्या मतदारसंघांपासून सुरू होऊन बहुधा तिथेच संपते, अशा काळात एवढी समानता दुर्मीळच. पण हा गुण सूत्राचा आहे, खासदाराचा नाही. वित्त आयोगानेही राज्याराज्यांत पैसा वाटताना 90 टक्के लोकसंख्या आणि 10 टक्के क्षेत्रफळ एवढेच पाहिले. सरपंच कोणाच्या गटाचा, हे त्या सूत्राला कळत नाही. आपल्या बाकावर त्याला किती वेळ बसवायचे हे मात्र कळणाऱ्याला कळते.

'रक्कम एवढी किरकोळ, मग तक्रार कशाला?' असेही आपण म्हणाल. बरोबर, आणि म्हणूनच माझा प्रस्ताव आपल्याला परवडणारा आहे. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आणि लोकसभेचे 48 सदस्य, म्हणजे सरासरी एका सदस्यामागे पाच-सहाशे गावे. आपले 5 कोटी लोकसंख्येच्या सूत्राने सरळ या पंचायतींच्या खात्यांत जाऊ द्यावेत, पूर्णपणे अबंधित, आणि काय करायचे ते ग्रामसभेला ठरवू द्यावे. गावाला वर्षाला सरासरी 80-90 हजार येतील. त्यात सभामंडप होणार नाही, हायमास्टही नाही. एखादी मोरी दुरुस्त होईल, शाळेच्या स्वच्छतागृहाला दार बसेल, अंगणवाडीचे गळके छप्पर बदलेल. त्याबरोबर वित्त आयोगाच्या बंधित वाट्याच्या गाठी थोड्या सैल कराव्यात, म्हणून आपण सभागृहात बोलावे. देशासाठी कायदे करणे, सरकारला प्रश्न विचारणे आणि अंदाजपत्रक तपासणे यासाठीच आपल्याला तिकडे पाठवले होते, अशी आमची जुनी समजूत आहे.

आपले यात नुकसान काहीच नाही. आज हे 5 कोटी काही मोजक्या गावांत दगड उभे करतात. उद्या प्रत्येक गावात, दरवर्षी, दुरुस्त झालेल्या मोरीपाशी आपल्या नावाची कोनशिला लावायला ग्रामस्थांची हरकत असणार नाही. अक्षरे हवी तेवढी मोठी घ्या. उद्घाटनाला येणे जमले नाही तरी चालेल. फक्त दगडाचा खर्च बंधित निधीतून करायचा की अबंधित, एवढे एका शासन निर्णयाने स्पष्ट व्हावे; नाहीतर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखापरीक्षणात खुलासा द्यावा लागतो.

कळावे,
आपला,
एक मतदार

प्रत माहितीस्तव : मा. सरपंच (सर्व). अर्ज घेऊन तूर्त निघू नये.