गुणाकारातल्या शेळ्या

माणदेशात पाऊस कमी आणि शेळीपालनाचे पाहुणे फार. दिवाळी झाली की येऊ लागतात. पुण्याचे, पिंपरीचे, कुणी थेट ठाण्याहून. वडिलांची पडून असलेली दोन एकर जमीन, नोकरीचा कंटाळा आणि मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ एवढ्या भांडवलावर माणूस आमच्या गोठ्यासमोर उभा राहतो, शेळ्यांवरून एक नजर फिरवतो आणि खिशातून फोन काढतो. फोटो काढत असेल असं वाटतं, पण तो गुणाकार करत असतो.

हा गुणाकार मला आता तोंडपाठ आहे. सरकारी योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट असतो, म्हणून सुरुवात दहापासून. उस्मानाबादी शेळी दोन वर्षांत तीनदा विते, हे खरं. पुष्कळदा जुळी देते, हेही खरं. म्हणजे दोन वर्षांत साठ करडं. त्यांतल्या निम्म्या पाठी धरल्या तर तीस, जुन्या दहा मिळून चाळीस. चाळीस गुणिले सहा, दोनशे चाळीस. चौथ्या वर्षाअखेर बोकडासकट तीनशे अकरा जनावरं पाहुण्यांच्या फोनमध्ये बें बें करत असतात. त्यांत एकही मेलेलं नाही, एकही शेळी गाभडलेली नाही, पाठी जन्मल्या त्या जणू गाभणच जन्मल्या. बोकड तेवढा पहिल्या दिवशी होता तोच. त्याच्याच लेकी, त्याच्याच नाती, हा विचार फोनला शिवत नाही. खरा बोकड दोन वर्षांत बदलावा लागतो, नाहीतर करडं खुरटी निपजतात. शिवाय माजावरचा बोकड स्वतःच्याच दाढीवर लघवी करून अत्तर लावतो, ते व्हिडिओत येत नाही. वारा आमच्याकडून वाहत असला की पाहुणे तेवढ्यापुरते गप्प होतात.

"आणि चारा?" मी विचारतो.

"चाऱ्याचं काय? शेळी काहीही खाते."

हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्यानं शेळी बरीच लांबून पाहिली असावी. बहुधा उंटावरून. शेळी काहीही खात नाही, ती काहीही चाखते. गाय जीभ फिरवून समोरचं सगळं ओढते, मेंढी मान खाली घालून जमीन तासते, शेळी निवडते. शेवरीचा फाटा टाकला तर आधी शेंडा, मग पानं, मग साल, आणि मग 'पुढचं काय?' अशा चेहऱ्यानं तुमच्याकडे पाहणं. तोच चारा खाली पडला, त्यावर कुणाचा पाय पडला, की तिच्या लेखी तो विटाळला. म्हणून पेंढी टांगायची, नाहीतर कुट्टी करून गव्हाणीत घालायची. सगळ्या बांधाला सुबाभूळ लावतो, असं एक पाहुणे मोठ्या खुशीत सांगत होते. सुबाभळीत मिमोसिन असतं आणि रोज नुसती तीच घातली तर जनावराचे केस गळतात, हे ऐकल्यावर त्यांचा हात आपसूक स्वतःच्या डोक्याकडे गेला.

चाखण्याच्या या हौसेपायी आमचा एक विम्याचा दावा बुडाला. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात प्लास्टिकचा बिल्ला मारतात. जनावर मेलं तर बिल्ल्यासकट दाखवायचं. बिल्ला नाही, तर पैसे नाहीत. शेळ्यांना हा नियम कुणी समजावलेला नाही. दुपारी रवंथ करून झाला की शेजारणीच्या कानातला बिल्ला चघळणं हा त्यांचा विरंगुळा. एका शेळीचा असाच गेला, आणि पुढच्याच महिन्यात शेळीही गेली. विम्याच्या माणसानं तिचे सगळे फोटो निरखून पाहिले आणि विचारलं, "ही तीच शेळी कशावरून?"

आई म्हणाली, "तीच नसती तर मी कशाला रडले असते रं बाबा?"

त्याच्या फॉर्मात रडण्याचा रकाना नव्हता.

मेंढ्या आमच्याकडे थोड्या आहेत, त्या माडग्याळी. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव. उंच अंग, बाकदार नाक, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. डोळ्यांत भरावं असं जनावर. 2020 साली आटपाडीच्या बाजारात अशाच एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली, मालकानं दीड कोट सांगितले आणि मेंढा घरी नेला, ही बातमी सगळ्या पेपरांत झळकली. त्या वर्षी पाहुण्यांचा गुणाकार सत्तर लाखांपासून सुरू व्हायचा. आमच्या मेंढ्याच्या नाकाकडे लोक ज्या आदरानं बघत, त्या आदरानं माझ्याकडे सासुरवाडीतही कुणी पाहिलेलं नाही. मेंढ्याला त्याचं काही नव्हतं. त्याला समोरच्या मेंढीच्या मागे जायचं होतं, समोरचीला तिच्या समोरचीच्या मागे. शेळ्यांच्या कळपात प्रत्येकीला स्वतःचं मत असतं. मेंढ्यांत सगळ्यांना मिळून एक असतं आणि ते नेमकं कुणाकडे आहे याचा पत्ता लागत नाही. राखायला मेंढ्या सोप्या, असं म्हणूनच वाटतं. पण पुढची विहिरीकडे वळली की तेच मत सगळ्यांचं होतं.

मेंढरांतलं खरं ज्ञान आमच्याकडे बापूंना आहे. बापू धनगर. पाऊस उघडला की त्यांचा वाडा घाट उतरून कोकणात जातो. तिथं भात काढलेल्या शेतात मेंढरं बसवायची, रातभर लेंड्या-मूत जमिनीत मुरू द्यायचं आणि सकाळी शेतकऱ्याकडून धान्य किंवा रोकड घ्यायची. पावसाच्या तोंडावर माघारी. पाहुणे येतात दिवाळीनंतर, तोवर बापूंनी वाट धरलेली असते. या दोघांची गाठ पडत नाही ती अशी, आणि ज्यांची पडायला हवी ते नेमके हेच दोघे. बापूंना मी एकदा विचारलं, "मेंढरं किती आहेत?"

"कुनाला ठावं."

"मग सांजचं मोजता कशी?"

"मोजतोय कशाला? कोन न्हाई ते दिसतंय की."

मी चकित झालो खरा, पण आईला त्यात नवल वाटलं नाही. तीही शेळ्या मोजत नाही. दावणीवरून नजर फिरवते आणि म्हणते, "काळी बांडी कुठाय?" काळी बांडी हमखास शेजाऱ्याच्या तुरीत असते. या धंद्यात ज्यांनी केस पिकवले ते सगळे वजाबाकीवाले. आहे ते त्यांना दिसतच नाही. जे गेलं, किंवा आज रात्री जाईल, तेवढं दिसतं.

आणि जायला वाटा भरपूर. करडं जन्माला घालणं शेळी स्वतः बघते, त्यात आपलं कौतुक काही नाही. खरं काम त्यानंतरचं. श्रावणाची झड लागलेली, वीज गेलेली, आणि अशा मुहूर्तावर शेळी विते. सकाळी दहाला, ऊन पडलेलं असताना, पाहुणे समोर असताना व्यालेली शेळी मी अजून पाहिलेली नाही. करडाचं नाक-तोंड पुसायचं, नाळेला आयोडीन लावायचं, कोरडं करायचं आणि पहिल्या तासाभरात पोटात चीक जाईल असं बघायचं. जुळी असली तर आई एकाला चाटते आणि दुसऱ्याला ढुशी मारते. मग त्या दुसऱ्याला तिच्या कासेला लावून आपण अंधारात बसायचं; ती लाथ मारणार, आपण तिची समजूत घालणार. गुणाकारात 'वेताला दोन' लिहायला निमिष लागतं, त्यातला दुसरा आकडा उभा राहायला पहाट होते.

जुळ्यांचं हे प्रकरण मेंढ्यांतही आलंय. आमची दख्खनी मेंढी एका वेळी एकच कोकरू देणारी. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची बुटकी मेंढी आहे, ती दोन-दोन, तीन-तीन देते. तिच्यातलं ते जनुक फलटणच्या निंबकर संस्थेनं दख्खनीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' तयार झाली. बापूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दूध बी दुप्पट येतंय का?" प्रश्न अडाणी माणसाचा नव्हता. दोन कोकरं जगवायची तर त्या मेंढीला गाभणपणात आणि व्याल्यावर जास्तीचा खुराक हवा, आणि धनगराच्या वाटेवर खुराकाची पोती घेऊन कुणी बसलेलं नसतं. गोठ्यावर बांधून ठेवणाऱ्याला मात्र ही मेंढी सोन्याची.

सगळ्यांत चीड आणणारा रोग आंत्रविषार. पहिल्या पावसावर कोवळं गवत फुटतं, जनावर त्यावर तुटून पडतं आणि आतड्यात आधीपासूनच राहणारे जिवाणू एकदम माजून विष करतात. संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी ताठ. याची निवड बघा: जे मरतुकडं, हावरट नसलेलं, चारा बाजूला सारणारं, त्याच्या वाटेला हा रोग सहसा जात नाही. सगळ्यांत गुटगुटीत, सगळ्यांत भुकेलं, ज्याच्यावर आपण ईदचा हिशेब मांडलेला असतो, ते नेमकं जातं. हा रोग फक्त गुणवत्ता यादीतल्यांना होतो. लस आहे, स्वस्त आहे, मे महिन्यात टोचायची आणि पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. पीपीआर या दुसऱ्या रोगाची लस एकदा टोचली की तीन वर्षं बघायला नको. एवढं बोलेपर्यंत पाहुण्यांनी फोन खिशात घातलेला असतो. लशीत गुणाकाराला काही नसतं.

ईदचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. बकरी ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. कुर्बानीला बोकड पुऱ्या वर्षाचा लागतो, व्यापारी तोंड उघडून दोन दात आलेत का ते बघतो. शेळी पाच महिने गाभण राहते, आणि ईद सरकली म्हणून ती चार महिन्यांत वीत नाही. म्हणजे ईदच्या निदान सतरा महिने आधी ती माजावर यायला हवी. माज एकवीस दिवसांनी येतो, दीडएक दिवस टिकतो, आणि त्या दीड दिवसात घरात लग्न असतं.

बाजारातला व्यापारी हा वजाबाकीचा महामहोपाध्याय. बोकडाच्या पाठीवर हात ठेवून कंबर दाबतो आणि असं तोंड करतो की बोकडालाही वाईट वाटावं. "हाडकंच हाईत. पाय बारीक. खोकतोय जनू." मग टॉवेलखाली हात घेऊन बोटं दाबायची, कुणाची किती बोटं ते बाजूच्याला कळू द्यायचं नाही. मी वजनकाटा नेऊ लागल्यापासून तो माझ्यावर नाराज आहे. "काट्यावर इकायचं आसंल तर मग माझ्या डोळ्यास्नी काय काम?" म्हणतो. पण काट्यानंतर त्याची बोटं आपोआप सुधारली, हेही खरं.

पाहुण्यांवर माझा राग नाही. पुण्यात गोखलेनगरला मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, त्याच्या दारावरून ते माणदेशापर्यंत येतात, चहा पितात, आईशी बोलतात. गावाला तेवढीच वर्दळ. त्यांच्यातल्या कुणाला खरंच शेळ्या घ्यायच्या असतील तर माझं ऐका. दहा नकोत, तीन-चार घ्या. बाजारातून गोळा करू नका, तिथं शेळीबरोबर दहा गावांचे रोग फुकट मिळतात. ओळखीच्या गोठ्यातून घ्या, तिची आई बघून घ्या, आणि आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या बांधा. जमीन ओली राहणार नाही अशी जागा करा, लस पावसाच्या आधी टोचा. आणि योजनेतला तो अकरावा, बोकड, पहिल्या वर्षी घेऊच नका. गावात कुणाचा तरी असतोच, आणि त्याला बोलावणं धाडावं लागत नाही.