स्ट्रेचरवरचा विजेता

टोकियो ऑलिम्पिक, ऑगस्ट 2021. कराटेच्या कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, 75 किलोंवरच्या पुरुषांची अंतिम लढत. सौदीचा तारेग हमेदी 4-1 असा पुढे. त्याची लाथ इतकी नेमकी बसली की इराणचा सज्जाद गंजजादे जागीच बेशुद्ध! पंचांनी खल करून ठरवलं: आघात प्रमाणाबाहेर. हमेदी बाद आणि सुवर्णपदक स्ट्रेचरवरून गेलेल्या गंजजादेला. नियम जिवाच्या काळजीपोटीच आहेत, त्याला आपली ना नाही. पण कराटे क्लासच्या पाटीवर ठळक अक्षरांत ‘स्वसंरक्षण’ रंगवणाऱ्या सरांनी एवढं तरी सांगावं, की रात्री गल्लीत पंच कुठे उभे असतात? तिथला इसम आधी कमरेत वाकत नाही, पंचांच्या ‘हाजिमे’साठी, म्हणजे ‘सुरू करा’साठी, थांबत नाही, येताना दोन मित्र आणतो, आणि तिघांपैकी एकालाही वजनगट ठाऊक नसतो.