फिजिक्सची गणितं न समजता कशी सोडवावीत

पहिला नियम असा की गणित पूर्ण वाचू नये. आकडे तेवढे वेचावेत, त्यांच्यापुढे एम, व्ही, आर अशी अक्षरं मांडावीत आणि तीच अक्षरं असलेलं सूत्र शोधावं. आर म्हणजे त्रिज्या की रोध, हे पुढे आपोआप कळतं किंवा कळत नाही. आकृती काढणं कमीपणाचं. 'दोरी वजनरहित, कप्पी घर्षणरहित' हा मजकूर वगळावा. अशी कप्पी कुठल्या विहिरीवर पाहिलीय कुणी?

उतारावर ठोकळा दिसला की लंब प्रतिक्रिया 'एमजी' धरून मोकळं व्हावं. त्याला कॉस थीटाने गुणणारे लोक उगाच खोलात जातात. उताराच्या दिशेने साईन घ्यायचा की कोसाईन, याचा निकाल छापा-काटा करून लावावा. कोन शून्य केला तर उतार सपाट होतो, ठोकळा घसरत नाही, म्हणजे शून्याला शून्य होणारा साईनच हवा, हे अर्ध्या मिनिटात ठरवता येतं म्हणा. पण मग नाणं कशाला बाळगायचं?

सर्किटमध्ये ६ आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडलेले असतात. एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश म्हणजे अर्धा. इथेच थांबावं आणि 'अर्धा ओहम' लिहून चौकट करावी. अपूर्णांक उलटा करून २ ओहम काढण्याचं काम पेपर तपासणाऱ्यावर सोडावं. समांतर जोडणीचा रोध त्यातल्या सर्वांत लहान रोधापेक्षा कमी हवा, ही सरांची कसोटीही आपला अर्धा ओहम ऐटीत पार करतो.

किरचॉफचे नियम लावताना प्रवाहाची दिशा मनाला येईल ती धरावी. (हा सल्ला चुकून खरा आहे.) उत्तर उणे २ अँपिअर आलं तर प्रवाह धरलेल्या दिशेच्या उलट वाहतो, बाकी काही बिघडत नाही. नवशिक्याने मात्र ते उणे चिन्ह हळूच खोडावं. किरचॉफने १८४५ मध्ये हे नियम मांडले तेव्हा तो स्वतः विद्यार्थी होता; त्याने तरी आपली अडचण समजून घ्यायला हवी होती.

घूर्णनात खरी परीक्षा. कडं आणि गोटी उतारावरून न घसरता गडगडत येतात. दोघांची वस्तुमानं आणि त्रिज्या दिलेल्या असतात. दिलेला आकडा वापरला नाही तर पेपर काढणाऱ्याचा अपमान होतो, म्हणून सगळे कुठे ना कुठे कोंबावेत. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही कटतात, कड्याचं त्वरण जी साईन थीटाच्या निम्मं आणि भरीव गोटीचं पाच सप्तमांश येतं, असं कोणी दाखवलं तर हसून सोडून द्यावं. पोळपाट तिरपा करून त्यावरून एक कडं आणि एक गोटी सोबत सोडून तर मुळीच पाहू नये. कडं कितीही जड किंवा मोठं घ्या, दर वेळी गोटीच आधी खाली येते, आणि मग सूत्रावर विश्वास बसू लागतो.

शेवटी पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहावं. आपलं उत्तर दुप्पट असेल तर व्यासालाच त्रिज्या समजलो. ९.८ पटींचा फरक असेल तर किलोग्रॅमला न्यूटन म्हटलं. साडेनऊच्या थोडा वर असेल तर मिनिटाला किती फेरे, तो आकडा रेडियनमध्ये न बदलता तसाच घातला. यातलं काहीच बसत नसेल, तर समासात 'छपाईची चूक' असं लिहून पुढचं गणित घ्यावं.