पट्ट्याला ऊन लागतं, वॉरंटीला नाही

गाडी घेताना आपण सनरूफ उघडून पाहतो, स्क्रीनचे इंच मोजतो, सीटवर बसून उसळूनही पाहतो. इंजिनात टायमिंगचा पट्टा आहे की चेन, असं विचारणारं गिऱ्हाईक मात्र शोरूममध्ये संशयित ठरतं. 'सर, तसं काही टेन्शन नाही,' असं उत्तर मिळतं. टेन्शन असतं. ते सांभाळायला इंजिनात टेन्शनर नावाचा सुटा भागच बसवलेला असतो.

क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा, हा हिशेब पट्टा किंवा चेन ठेवते. 3000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 50 फेरे मारतो, म्हणजे कॅमचे 25. एवढ्या घाईत रबरी पट्टा तुटला, तर अनेक इंजिनांत उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर खालून पिस्टन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरतं आणि मालकाचं तोंडही. चेन लोखंडी. इंजिन ऑइलमध्ये न्हाणारी. ऑइल बदलायला उशीर झाला तर तीही झिजून सैल पडते, पण सकाळी स्टार्टर मारला की खडखड करून सांगते तरी. आमच्याकडच्या मूल रोडवरचा मिस्त्री म्हणतो, "चेन बोंबलते जी भाऊ. पट्टा काही बोलतच नाही, सीधा जाते."

जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेलला पट्टा होता, क्रिस्टाला चेन आली. म्हणजे पुढाऱ्यांच्या ताफ्यात तेवढी सुधारणा झाली. रस्ता जुनाच ठेवला आहे, परंपरा म्हणून.

आता गाडीसोबत मिळणारी पुस्तिका काढा. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या खाली, प्लास्टिकमध्ये जशीच्या तशी असेल. तीत 'खडतर वापर' अशा अर्थाचा एक तक्ता असतो: धुळीचा प्रदेश, तीव्र उष्णता, खराब रस्ते, जास्त ओझं, गाडी उभी ठेवून इंजिन बराच वेळ चालू. अशा ठिकाणी पट्टा, ऑइल, फिल्टर लवकर तपासा, लवकर बदला, असा सल्ला. कंपनीने अपवाद म्हणून छापलेला हा तक्ता चंद्रपूर आणि गडचिरोलीचं गॅझेटिअर म्हणून सरळ खपेल. धूळ? घुग्घुसला कोळशाची, गडचांदूरला सिमेंटची, सुरजागडच्या वाटेवर लोहखनिजाची लाल. रंग निवडायची सोय शोरूमपेक्षा इथे जास्त. उष्णता? मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो, बॉनेटखाली काय होत असेल ते रबरालाच ठाऊक. उभी गाडी? एटापल्लीकडे खनिजाच्या ट्रकांमागे अडकून पाहा. इंजिन चालू, पट्टा फिरतो आहे, किलोमीटरचा काटा मात्र ढिम्म. पट्ट्याची झीज आणि वॉरंटीचा हिशेब इथेच वेगळे होतात.

त्यात 'वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी येईल ते' ही ओळ. ताडोबाचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो. तिथल्या मोहर्ली गेटवरची जिप्सी तेव्हा बरीचशी उभीच राहते. जिप्सीच्या 1.3 लिटर इंजिनाला टायमिंगचा पट्टाच आहे, आणि रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. चाललात तर किलोमीटर संपतात, थांबलात तर वर्षं. सिरोंचाचा माणूस तर दोन्हींत सापडतो. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली तिथून जवळपास 200 किलोमीटर. वॉरंटी जिवंत ठेवायला अधिकृत वर्कशॉपमध्येच सर्व्हिसिंग हवं, म्हणून जाऊन-येऊन 400. वॉरंटी टिकवण्यासाठी वॉरंटीच जाळायची.

एवढं करूनही पट्टा तुटलाच, तर काउंटरवरचा साहेब पुस्तिका उघडतो. पट्टा झिजणारा भाग, म्हणून वॉरंटीत नाही. व्हॉल्व्ह वॉरंटीत आहेत, पण ते पट्ट्यामुळे वाकले, म्हणून नाहीत. पट्टा लवकर का तुटला? धुळीमुळे. धूळ कुठून आली? तुम्ही राहता तिथून. चूक ग्राहकाच्या पत्त्याची निघते. आणि विकताना हाच पत्ता फॉर्मवर आनंदाने लिहून घेतलेला असतो. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही की साहेब, गडचिरोलीत राहता, तर पट्टा आधीच बदलत चला.

तेव्हा गाडी घेतानाच दोन प्रश्न लेखी विचारा: पट्टा की चेन, आणि आमच्या जिल्ह्याला कोणता तक्ता लागू? प्रत्येक जॉब कार्डवर धूळ, ऊन, रस्ता लिहून घ्या, बिलं जपा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, दावा गडचिरोलीत लागतो. कंपनीचे वकील तारखेला यायचे म्हणतील, तर त्यांनी भर मे महिन्यात, गाडीनेच यावं. वाटेत काही झालंच, तर मिस्त्रीचा नंबर आम्ही देऊ. वॉरंटीचं मात्र त्यांनी त्यांचं पाहावं.